दाब काढल्यानंतर

ताईच्या नडगीवर, घोट्याच्या जरा वर, त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला होता आणि तो भरून येत नव्हता. झालं होतं ते एवढंच. खांद्याला ऑफिसची बॅग, एक गुडघा जमिनीला टेकलेला, हातात तिच्या चपलेचा पट्टा, असा तो दाराशी बसला होता. ताईला चष्मेवाल्याकडे जायचं होतं. हल्ली तिला वाकून पट्टा लावता येत नसे, म्हणून तिने जाता जाता त्याला हाक मारली, आणि पट्टा ओढताना त्याचा अंगठा तिच्या पायावर जरा जोरात टेकला. उचलला तेव्हा तिथे एक गोल, फिकट वाटी राहिली. कातडीवर बोट दाबलं की ती पांढरी पडते आणि लगेच पहिल्यासारखी होते, हे कुणालाही माहीत असतं. हे तसं नव्हतं. ह्याला कड होती, तळ होता, आणि तो तळ कुणाची पर्वा न करता आपल्याच चालीने वर येत होता. त्याने नकळत मनात मोजायला सुरुवात केली. पंधरापर्यंत आला तरी खळगा निम्मासुद्धा भरला नव्हता.

“काय रे ठोंब्या, पायात काय सापडलं?” ताईने वरून विचारलं.

“हे कधीपासून आहे?”

“काय कधीपासून?”

“ही सूज.”

“सूज कसली, वय आहे ते. तुझं पोट सुटलं तेव्हा मी विचारलं होतं का, हे कधीपासून म्हणून? ऊठ, बस जाईल तुझी.”

तो उठला, कारण ताई ऊठ म्हणाली की उठायचं ही त्याच्या अंगात मुरलेली गोष्ट होती. ऑफिसात त्याला सर म्हणणारे पुष्कळ होते. ठोंब्या म्हणणारी जगात एकच उरली होती. बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. बाहेर नेहमीचीच दुकानं शटर वर करत होती, पण आज त्याला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. त्याने शर्टाची बाही मागे सारून स्वतःच्या हातावर अंगठा दाबला. उचलला. काही नाही, मांस तत्काळ जागेवर. त्याला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली. शेजारच्या सीटवरून एक लठ्ठ गृहस्थ उठून गेले, त्यांच्या बसण्याचा आकार फोममध्ये राहिला आणि हळूहळू पुसला गेला. तो त्या सीटकडे टक लावून बघत राहिला. नंतर चढलेल्या एका बाईंना वाटलं, तो जागा राखून ठेवतोय.

दाब काढल्यानंतर वस्तू काय करते, ह्या एका प्रश्नावर त्याचं पोट चालत होतं. कंपनी जड यंत्रांखाली घालायचे रबराचे पॅड बनवायची. तो बसायचा त्या खोलीत मात्र पॅड नसत, पडद्यावर त्यांची चित्रं असत. संगणकात पॅडचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला सांगायचं की शेजाऱ्याने ढकललं तर तू किती सरकायचं, आणि मग वरून यंत्राचं वजन ठेवून सगळ्या तुकड्यांचा मिळून काय हिशेब होतो ते बघायचं. तुकड्यांना स्वभाव द्यायचा तो आपण. खोलीत दोन स्वभाव चालत. एक इलॅस्टिक: दाबलं की दबतो, सोडलं की जागेवर, झालं गेलं विसरून मोकळा. दुसरा व्हिस्कोइलॅस्टिक, ज्याला तिथे सगळे नुसतं व्हिस्को म्हणत. तोही दबतो, पण वजन तसंच राहिलं तर गुपचूप आणखी दबत जातो, आणि सोडल्यावर परत येतो तो रेंगाळत, कारण आधी काय काय सोसलंय ते त्याने मनात धरून ठेवलेलं असतं. पहिल्याचा हिशेब चहा संपायच्या आत होतो. दुसऱ्याला संगणक दिवसभर घुमत बसतो, अधेमधे रुसतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि गंमत अशी की वजन ठेवल्या ठेवल्या दोघांची उत्तरं तंतोतंत जुळतात. दोन्ही आलेख एकमेकांवर असे बसतात की रेघ एकच आहे असं वाटावं. भली भली माणसं तिथेच फसतात. खोलीत नवा माणूस आला की तो त्याला पहिल्याच आठवड्यात सांगायचा, वजन ठेवलंत त्या क्षणी हिशेब थांबवू नका, खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई वीस. त्या दिवसातलं त्याला एकच नीट आठवतं. ताई इस्पितळातून घरी आली, दारातल्या बायकांमधून वाट काढत आत गेली, केस वर बांधले, आणि त्याला विचारलं, जेवलास का. बायका आपसात म्हणाल्या, पोर खंबीर आहे हो. हे वाक्य पुढे घरात कायमचं राहायला आलं. वडील बोलायचे बंद झाले, ताई खंबीर होती. वडिलांची नोकरी सुटली, ताई कापडाच्या दुकानात कामाला लागली, खंबीर होती. त्या दुकानात विकणाऱ्या मुलींनी बसायचं नाही असा नियम होता. गिऱ्हाईक नसलं तरी उभं राहायचं, कारण बसलेली मुलगी काचेतून आळशी दिसते. ताई तीस वर्षं उभी राहिली. पहिल्या दिवशी घरी येऊन तिने पाय पाण्यात ठेवले होते आणि हसली होती, “मेल्यांनी खुर्च्या शोभेला ठेवल्यात, बसायला नाही.” दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ठणठणीत. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात तसं त्या पायांचं झालं. मग दुकानातल्या हिशेबनिसाने तिला मागणी घातली. बरा माणूस होता, घरी आला तेव्हा ह्याच्या गणिताच्या वहीत डोकावून म्हणाला होता, अक्षर छान आहे. ताईने त्याला थांब म्हटलं, ह्याचं शिक्षण होऊ दे. तो दोन वर्षं थांबला, मग थांबला नाही. ज्या संध्याकाळी ते तुटलं त्या संध्याकाळी ताई घरी आली, केस वर बांधले, आणि विचारलं, जेवलास का. ह्याने तिच्याकडे नीट निरखून बघितलं होतं, वय तेवढं होतं आता. काही दिसलं नाही. त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि अभ्यासाला बसला. म्हणजे हिशेब त्यानेही तिथेच थांबवला होता, वजन ठेवल्याच्या क्षणाला. ऑफिसच्या थांब्यावर उतरताना हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो लिफ्टच्या दारात सोडून दिला.

संध्याकाळी मात्र तो ताईला डॉक्टरांकडे घेऊन गेला. घेऊन गेला म्हणजे भांडून नेलं. हे घरचे जुने डॉक्टर, त्यांनी पाय दाबून बघितला, छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि गोळी लिहून दिली. ही लघवीची गोळी आहे, अंगातलं पाणी काढते. हृदयाची एक तपासणी करून घेऊ, पुढल्या आठवड्याची तारीख धरून ठेवतो. सूज कशी राहते त्यावर मला लक्ष ठेवायचं आहे, रोज कुणी बघेल का?

“हा बघेल,” ताई म्हणाली. “ह्याचा धंदाच आहे तो. दिवसभर रबर दाबतो.”

डॉक्टर हसले. तोही हसला, पण आतून त्याला हायसं वाटलं. भीती वाटत होती आणि तिचं काय करावं ते कळत नव्हतं. आता तिला एक काम मिळालं. ताईला काही झालं तर आपलं काय होईल, हा विचार पन्नाशीच्या माणसाने करावा का, बायको आहे, कॉलेजात जाणारी मुलगी आहे, पण तो विचार त्या नऊ वर्षांच्या पोराचा होता आणि त्या पोराला कुणी कधी घराबाहेर काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी निघण्याआधी तो ताईच्या पलंगाशी बसू लागला. पाय तोच, जागा तीच, दाब तेवढाच, अंगठा ठेवायचा, मनात पाच आकडे म्हणायचे, उचलायचा, आणि खळगा पुसला जाईपर्यंत मोजायचं. हे तो मनापासून करायचा. त्याच्या अंगठ्याला त्या जागेची ओळख झाली, खालचं हाड, वरची ताणलेली चकचकीत कातडी. चपलेच्या त्या पट्ट्याआधी तीस वर्षांत त्याने ताईच्या पायाला हात लावला नव्हता. ती उताणी पडून छताकडे बघायची आणि विचारायची, “काय निकाल? पास?”

पास होती. पहिल्या सकाळी चाळिसाच्या वर मोजावं लागलं होतं, चौथ्या सकाळी तिसाच्या आत आलं. आठवड्याअखेर तो वीस म्हणतोय तोवर खळगा दिसेनासा झाला. त्याच्या डोक्यात आपोआप एक रेघ तयार होत होती, आधी झरझर उतरणारी आणि मग सपाट होत जाणारी, शोभिवंत रेघ. अशी रेघ दिसली की त्याच्यासारख्या माणसाचं मन निवतं. गोळी लागू पडली होती. त्याने डॉक्टरांना फोन करून सांगितलं, सूज उतरतेय, निम्म्याच्याही खाली आलीय, आणि हे त्याने अंदाजाने नाही, मोजून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वा. मग असं करू, तपासणीची ती तारीख माझ्या एका तातडीच्या माणसाला देतो, तुम्ही महिनाअखेरीला या. चालेल ना? चालेल, तो म्हणाला. स्वतःच्या आवाजातला तो आत्मविश्वास त्याला आवडला होता, हे त्याला नंतर फार आठवलं.

त्याच दिवसांत ऑफिसात लिफ्टच्या मोटरखालच्या पॅडवरून जुंपली होती. एका उंच इमारतीसाठी ते पॅड जायचे होते. साहेबांना इलॅस्टिकचे आकडे देऊन मोकळं व्हायचं होतं. शेजारच्या टेबलावरचा त्याचा जोडीदार, ज्याला सगळे तोंडावरसुद्धा घाईवाले म्हणत, तो साहेबांच्या बाजूने होता. “अहो, दोन्ही आलेख एकच येतात. कशाला संगणकाला घाम फोडताय? आणि व्हिस्कोच हवं असेल तर हे घ्या, प्रयोगशाळेचे ताजे आकडे. रबर चांगलं परत येतंय. दर चाचणीला सुधारतंय उलट.”

रबर सुधारतंय हे ऐकून त्याने कान टवकारले. रबर सुधारत नसतं. त्याने आकडे नुसते वरून खाली वाचले आणि विचारलं, “ह्या चाचण्या कधी घेतल्या?”

“सकाळी. प्रयोगशाळा उघडली की पहिलं हेच करतात.”

“आणि आदल्या संध्याकाळी नमुन्यावरचं वजन काढून ठेवतात.”

“हो, मग? रात्रभर वजन ठेवून काय करायचंय?”

“घाईवाले, रात्रभर पाय पसरून झोपलेल्याला सकाळी विचारताय, दमलास का. तो नाहीच म्हणणार. हा आकडा रबराचा नाही, त्याच्या झोपेचा आहे. मोटर काही रात्री पॅडवरून उतरून बाजूला निजत नाही. संध्याकाळी मोजा, वजन असताना मोजा. आधीचा इतिहास माहीत नसेल तर नंतरचा आकडा कवडीमोलाचा.”

खोलीत दोघेतिघे हसले. साहेबांनी हनुवटी खाजवली आणि शेवटी मान डोलावली, ठीक आहे, व्हिस्को चालवा. त्याने संपूर्ण दिवसाचा हिशेब संगणकाला लावून दिला आणि समाधानाने डबा उघडला. ह्या विषयात त्याला गल्लीत काय, गावात कुणी हात धरणारं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. ह्याच्या तर काखेतच होता आणि तो गावभर विहिरीची खोली मोजत हिंडत होता.

घरी तो पोचायचा तेव्हा ताई अंथरुणात असायची, पायात लोकरी मोजे घातलेले, अंगावर चादर ओढलेली. हल्ली लवकर पडते, बायको म्हणायची. पडू दे, विश्रांतीच हवी तिला, तो म्हणायचा. दारातून बघायचा. मुलीचा आणि ताईचा पलंग एकाच खोलीत, मुलगी भिंतीकडे तोंड करून अभ्यास करत असे. कधीकधी भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा, बारीक, दाबून धरलेला, दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून खोकणाऱ्या माणसाचा. सकाळी त्याने विचारलं तर ताई म्हणाली, “तुझी बायको धूळ पुसत नाही, उडवते. मी खोकणार नाही तर काय गाणार?” बायकोने स्वयंपाकघरातून तिला काहीतरी उत्तर दिलं, दोघी हसल्या, आणि खोकला त्या हसण्यात जिरून गेला. मुलगी टेबलाशी बसून पेंगत होती. रात्री जागतेस का गं, त्याने विचारलं. मुलीने आत्याकडे बघितलं. आत्याने चहाच्या कपात बघितलं. परीक्षा आहे, मुलगी म्हणाली.

एका सकाळी ताईचा चेहरा त्याला वेगळा वाटला. डोळ्यांखाली फुगलेलं, ओठ कोरडे, आणि ती बोलताना वाक्याच्या मध्येच थांबत होती, जिना चढून आलेल्या माणसासारखी. पलंगावर पडून होती आणि थांबत होती. त्याने मोजा खाली सरकवला, अंगठा ठेवला, पाच आकडे म्हटले, उचलला. एक, दोन, तीन, चार. आणि कातडी सपाट. इतकं चांगलं कधीच आलं नव्हतं. पाय हाडापर्यंत सुकल्यासारखा बारीक दिसत होता, तरुणपणी दिसायचा तसा. त्याचा जीव निवला. डोळ्यांना दिसलेलं एकीकडे आणि आकडा एकीकडे, तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवायचा हे त्याने आयुष्यभर लोकांना शिकवलं होतं.

“बघ,” तो म्हणाला. “चार.”

“बघितलं.” ताईने डोळे मिटले, मग उघडले. “आता खूश?”

“खूश.”

“मग जा. तू खूश असलास की मला कसं,” ती थांबली, श्वास घेतला, “कसं मोकळं वाटतं बघ.”

त्याने मोजा वर ओढला, चादर नीट केली. दारापर्यंत जाऊन तो परत आला. का आला ते त्याला कळलं नाही, म्हणून त्याने पलंगाशेजारचा पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला आणि गेला.

फोन दुपारी आला. संगणकावर व्हिस्कोचा हिशेब चालू होता. पडद्यावर पॅड किंचित किंचित खचत होता, रंग बदलत होते, निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा, आणि तो गालाला हात लावून ते बघत होता, कारण शेवटी तोच खरा ठरला होता. इलॅस्टिकची रेघ सपाट राहिली होती आणि व्हिस्कोची तिच्यापासून सुटून खाली खाली चालली होती. बायको फोनवर नीट बोलू शकत नव्हती. इस्पितळाचं नाव तेवढं तिने दोनदा सांगितलं.

तो पोचला तेव्हा ताई आत होती आणि आत जायला मनाई होती. एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तरुण, केस घट्ट बांधलेल्या, आणि त्यांना बघून त्याला कशाचीतरी फार आठवण झाली, पण कशाची ते धरायला वेळ नव्हता. त्या भराभर विचारत होत्या. हृदयाचा त्रास कधीपासून? तपासणी झालीय का? का नाही?

“सूज उतरत होती,” तो म्हणाला. “मी रोज मोजत होतो.”

“कधी?”

“सकाळी. उठल्याबरोबर.”

त्या क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यात राग नव्हता, रागावायला त्यांना सवड नव्हती. “सकाळी पाय उतरलेलेच असतात हो,” त्या म्हणाल्या. “रात्रभर आडवं झाल्यावर पाणी पायात राहत नाही, वर जातं. संध्याकाळी बघायचं असतं. रात्री दम लागायचा का? खोकला? झोपल्यावर जास्त, बसल्यावर कमी, असं काही?”

त्याने तोंड उघडलं. तेव्हा मागून मुलगी म्हणाली, “हो.”

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या. दार बंद झालं. बायको बाकावर बसली होती, पदराने तोंड झाकून. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिने आपणहून सांगितलं, एकाच सुरात, कुठेही न थांबता, बहुधा हे ती किती दिवस मनात घोकत असावी.

“आत्या तीन उशा घ्यायची, बाबा. डोक्याखाली नाही. पायाखाली. तुमच्या पहिल्या मोजण्यानंतर तिने मला विचारलं, पाय उंच ठेवले की सूज लवकर उतरते ना गं? मी म्हटलं, हो. मला काय माहीत. मग रोज ठेवायला लागली. पाय वर केले की तिला खोकला यायचा, श्वास पुरायचा नाही. मी म्हणायचे, उठून बस, आत्या, बसलीस की बरं वाटतं ना तुला. बसायची थोडी. मग परत आडवी व्हायची आणि पाय उशांवर. म्हणायची, सकाळी तुझा बाबा मोजतो. आकडा वाढला की त्याचा चेहरा नऊ वर्षांच्या पोरासारखा होतो, मला बघवत नाही. तुम्ही यायच्या आधी उशा मी काढून ठेवायचे. तिने शपथ घातली होती.”

शेवटचं वाक्य बोलल्यावर मुलगी रडायला लागली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवला हे त्याला दिसलं, जाणवलं नाही. त्याला उशा दिसत होत्या. सगळ्यात वरची, फुलाफुलांच्या अभ्र्यातली उशी, तिच्या मधोमध टाचांचे दोन खळगे पडले असणार, आणि मुलीने उचलल्यावर ती सावकाश फुगली असणार, तो दारात यायच्या आत. अंधारात ताई उताणी पडलीय, छातीत पाणी चढतंय, आणि ती पाय वर धरून वाट बघतेय, सकाळी ठोंब्या येईल, अंगठा ठेवील, खूश होईल. त्याची ती शोभिवंत रेघ होती ती हीच. ती गोळीने उतरवली नव्हती. रोज रात्री ताईने ती आपल्या श्वासातून थोडी थोडी उतरवली होती. आणि घाईवाल्यांना त्याने काय सांगितलं होतं, ते वाक्य त्याला शब्दन् शब्द ऐकू यायला लागलं, खोलीतल्या हसण्यासकट. हा आकडा रबराचा नाही. तो भिंतीकडे वळला. भिंत फिक्या हिरव्या रंगाची होती आणि खांद्याच्या उंचीवर तिला तेलकट पट्टा पडला होता, तिथे टेकून टेकून किती माणसं उभी राहिली असतील. तोही टेकला. त्याला रडावंसं वाटत होतं आणि रडू येत नव्हतं. आपण खंबीर दिसत असणार, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या शब्दाची त्याला शिसारी आली.

ताई संध्याकाळच्या आत गेली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन जे सांगतात ते सांगून गेल्या. बायको आणि मुलगी आधी आत जाऊन आल्या, मग तो गेला. तीन बाजूंनी पडदा होता, यंत्रं बंद करून भिंतीकडे वळवून ठेवली होती. ताईचं डोकं उंच ठेवलं होतं. इथे तिला बसवून ठेवलं होतं, दम कमी व्हावा म्हणून, एकदाचं कुणीतरी. केस सुटले होते. त्याने ते गोळा करायचा प्रयत्न केला, पण बायकांचे केस कसे बांधतात ते त्याला येत नव्हतं, ते पुन्हा पसरले. जेवलास का, असं कुणीही विचारलं नाही. त्याला एकदम भूक लागल्यासारखं झालं, खोल, लहानपणची भूक, आणि ती भूक नव्हती हे कळायला थोडा वेळ लागला.

चादर पायापाशी वर सरकली होती. मोजे कुणीतरी काढून खालच्या कप्प्यात ठेवले होते, एकात एक घालून. दुपारपासून पाय खाली सोडून बसवलेली होती. घोटे भरले होते, कातडी ताणून चकाकत होती. संध्याकाळचे पाय. हे त्याने कधी बघितलेच नव्हते. तो पलंगाच्या कडेला बसला, आणि त्याच्या हाताने त्याला न विचारता ती जागा शोधून काढली, घोट्याच्या जरा वर, हाडाच्या बाजूला. अंगठा ठेवला. मांस थंड नव्हतं अजून. अंगठा आत गेला, जात राहिला, किती आत जाईल ह्याचा त्याला अंदाजच नव्हता. त्याने मनात पाच आकडे म्हटले. उचलायची वेळ झाली.

पडदा सरकला. “बाबा,” मुलगी म्हणाली, “त्यांना खाट मोकळी करून हवीय. चला ना.”

“हो,” तो म्हणाला.

“बाबा.”

तो हलला नाही. अंगठा उचलला की मोजायला सुरुवात करावी लागणार होती.